साठ मीटरच्या आत

नगररचना कार्यालयात एक शब्द होता, तो कुठल्याही नियमपुस्तकात सापडला नसता. टेबलपाहणी. म्हणजे जागेवर न जाता, खुर्चीत बसून, चहा पीत पीत लिहिलेला जागेच्या पाहणीचा अहवाल. सगळेच करायचे. जो करत नसे त्याला बाकीचे हसायचे, आणि दुपारच्या उन्हात टेप घेऊन निघालेला दिसला की विचारायचे, काय हो, जागा मोजून घरी नेताय का?

आपला तपासनीस तसा कामचुकार नव्हता. उलट नको इतका काटेकोर. एखाद्याच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण राहिला तर अर्ज तसाच परत पाठवणारा माणूस. वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची, पेन खिशाला लावलेलं आणि राग नाकावर ठेवलेला. पण टेबलपाहणी त्यानेही केली होती. किती, ते विचारू नका.

तर त्या गुरुवारी त्याच्यापुढे जी फाइल आली ती उघड्यावर गाड्या ठेवण्याच्या परवान्याची होती. शहराच्या कडेला जुनी लाकडाची वखार होती, ती मोडून मोकळं माळरान झालं होतं. तिथे अर्जदाराला कुंपण घालून गाड्या ठेवायच्या होत्या: अपघातात चेपलेल्या, जप्तीत आलेल्या, मालक न्यायलाच न आलेल्या. सगळ्या मिळून दोनशे चाळीस. नियम साधा होता. जागेच्या हद्दीपासून साठ मीटरच्या आत कोणी राहत असेल, तर त्या माणसाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच परवाना द्यायचा. कोणी राहत नसेल तर ऐकायचं कोणाचं? परवाना सरळ निघायचा.

पश्चिमेच्या कुंपणापासून चार मीटरवर एक घर होतं. तीन खोल्यांचं, कौलारू, पुढे तीन पायऱ्या. त्या घरात तपासनीसाची ताई राहायची.

ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर जायची, त्यामुळे त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत ओढत नेणं हे सगळं ताईनेच केलं होतं. लग्न तिने केलं नाही. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केली, मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि शहराबाहेर हे घर घेऊन एकटी राहू लागली. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा. घरी बायको होती, संसार होता, पण रविवारचं जेवण ताईकडे. त्याला ती अजून बारक्याच म्हणायची. त्याच्या आयुष्यात त्याला बारक्या म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

ताईने या गाड्यांच्या जागेवर हरकत घेतली होती. धूळ येईल, तेल मुरून विहिरींचं पाणी नासेल, आणि उघड्यावरच्या मेलेल्या गाड्यांकडे बघत मला म्हातारपण काढायचं नाही, असं तिने स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. तपासनीसाने फाइल मुद्दाम स्वतःकडे ठेवून घेतली. नऊ फुटी भिंत, आत झाडांची रांग, संध्याकाळनंतर काम बंद, अशा अटी घालायच्या आणि अर्जदाराच्या तोंडाला फेस आणायचा, असा त्याचा बेत होता.

पण आधी पाहणीचा अहवाल लागणार. आता त्या जागेच्या शेजारी बसून तो अकरा वर्षं दर रविवारी जेवत होता. पाहायचं काय राहिलं होतं? त्याने कपाटातून अशाच एका जागेचा पंधरा वर्षांपूर्वीचा अहवाल काढला आणि त्याच्यावरून उतरवायला घेतला. भूखंडाचा क्रमांक बदलला, अर्जदार बदलला, तारीख घातली. मधेच आवक-जावकच्या बाई दुसराच एक तातडीचा कागद घेऊन आल्या, बोलण्यात पंधरा मिनिटं गेली, चहा निवला. परत बसल्यावर त्याने पुढच्या ओळी भराभर उतरवल्या, सही केली, आणि फाइल मोठ्या साहेबांकडे गेली. मोठे साहेब फायली वाचत नसत, वजनावरून ओळखत. परवाना आठवड्यात निघाला.

दहा दिवसांनी ताईचा फोन आला.

"बारक्या, तुझ्या कचेरीत माणसं बसतात की पुतळे?"

"काय झालं?"

"माझी हरकत परत आलीय. वाचून दाखवते. 'सदर पत्त्यावर निवासी वापर आढळून येत नसल्याने हरकत दाखल करून घेता येत नाही.' म्हणजे मी काय झाडावर राहते का?"

तपासनीसाने फाइल मागवली. जुन्या अहवालातल्या चार ओळी त्याच्या अहवालात जशाच्या तशा उतरल्या होत्या. उत्तरेस जुनी झाडे तीन. ईशान्य कोपऱ्यात बुजवलेली विहीर. प्रवेशद्वारी राखणदार एक, वय सुमारे साठ. आणि शेवटची: सर्व बाजूंनी साठ मीटरच्या आत निवासी वापर नाही.

खाली त्याची सही होती. झोकदार.

त्याला काळजी वाटली, पण ती आपल्या नोकरीची. चूक सुधारायची तर टेबलपाहणी केल्याचं लेखी कबूल करावं लागणार. जन्मभर लोकांना उत्तर दिशेचा बाण दाखवत आलेला माणूस तो, हे त्याच्या जिवावर आलं. त्याने ताईला "बघतो" एवढंच सांगितलं. नेहमी पहिल्याच हाकेला धावणारा भाऊ, आज "बघतो" म्हणाला. फोन ठेवताना ताई जराशी थांबली होती, हे त्याला जाणवलं.

रविवारी तो ताईकडे निघाला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. वखारीच्या जागेला नवी जाळी लागली होती, खडी पसरली होती आणि पाचपन्नास गाड्या येऊन उभ्याही राहिल्या होत्या. उत्तरेच्या बाजूला तीन झाडं होती.

तो थांबला. अकरा वर्षं तो या रस्त्याने येत होता. तिथे झाड नव्हतं. झुडूपही नव्हतं.

अर्जदार फाटकाशी उभा होता, रुमालाने मान पुसत. तपासनीसाला पाहून त्याचा चेहरा खुलला. "साहेब, तुमचे आभार मानायचेच होते. माणूस चांगला पाठवलात. मी राखणदार शोधतच होतो, तर हा आधीच येऊन बसलेला. म्हणाला, कार्यालयाकडून आहे."

फाटकाच्या आत स्टुलावर एक माणूस बसला होता. खाकी कपडे, स्वच्छ, घडी न मोडलेले. चेहरा असा की बघून झाल्यावर आठवायचा नाही.

"नाव काय तुमचं?" तपासनीसाने विचारलं.

"राखणदार."

"नाव विचारलं. बरं, वय?"

"सुमारे साठ."

"राहता कुठे?"

त्या माणसाने बराच वेळ विचार केला. शिक्षकाने न शिकवलेलं विचारावं तसा. मग म्हणाला, "प्रवेशद्वारी."

अर्जदार हसला. तपासनीस हसला नाही. तो खडीवरून चालत ईशान्य कोपऱ्यात गेला. तिथे दगडांचं एक गोल कडं जमिनीतून वर आलं होतं, आत माती भरलेली, मातीवर वाळलेलं गवत. म्हणजे अर्जदार भलताच हुशार, असं तो मनाशी म्हणाला. अहवाल वाचून अहवालाबरहुकूम जागा करून घेतली. राखणदारही पढवून बसवला असणार. झाडं काय, मोठी वाढलेली झाडं मुळांसकट उचलून आणतात हल्ली.

म्हणून तो झाडांकडे गेला. एकेक बुंधा त्याच्या कवेत मावेना. सालीवर शेवाळ होतं. मुंग्यांची वाट खालून वर गेली होती आणि तिला मध्येच वळसा पडला होता, कारण तिथे कोणे एके काळी कोणी खिळा ठोकला होता आणि झाडाने तो वाढता वाढता अर्धा गिळला होता. तपासनीसाने त्या खिळ्यावर बोट ठेवलं. उन्हातही तो गार लागला.

ताईकडे जेवण तयार होतं. पण घरात पंखा बंद होता.

"तीन दिवस वीज नाही," ताई म्हणाली. "माणूस आला होता. इथे वर उभा, खांबावर चढून, आणि मला विचारतोय कसा, इथलं घर कुठाय? मी म्हटलं, तू ज्या पायरीवर चप्पल काढलीस ना, ती कोणाची? तर हसला आणि निघून गेला. टपाल नाही, पेपर नाही. मी काय दिसत नाही की काय लोकांना?"

"मी बघतो," तपासनीस पुन्हा म्हणाला.

"भाजीत मीठ जास्त झालंय, मुकाट्याने खा," ताई म्हणाली. हे ती दर रविवारी म्हणायची, आणि मीठ खरंच जास्त असायचं.

जेवताना त्याला खुर्ची डुगडुगती वाटली. "मागच्या खोलीतली घेतो," म्हणून तो उठला.

"कुठली मागची खोली?"

"अगं ताई, मागची. जिथे तुझं शिवणयंत्र आहे."

"बारक्या, उन्हाचं डोक्यात गेलंय का तुझ्या? दोनच खोल्या आहेत की. अकरा वर्षं येतोयस."

मागच्या खोलीच्या दाराच्या जागी भिंत होती. चुना दिलेली. भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं. तपासनीसाने ते उचलून पाहिलं. त्याच्यामागे भिंतीचा चौकोन इतर भिंतीपेक्षा पांढरा होता, वर्षानुवर्षं कॅलेंडर एकाच जागी लावल्यावर राहतो तसा.

आता त्याला नोकरीची काळजी वाटेना. त्याने ताईकडे पाहिलं. ती वाटीत पाणी ओतत होती, केस पांढरे, डावा गुडघा दुखतो म्हणून अंग थोडं उजवीकडे टाकून उभी. ती जिथे उभी होती तिथे त्याने, निवलेल्या चहाशेजारी बसून, काही नाही असं लिहून ठेवलं होतं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी तो मोठ्या साहेबांच्या दाराशी उभा होता. आत गेला आणि सगळं कबूल केलं. झाडांचं आणि खोलीचं मात्र नाही. ते कसं सांगणार? टेबलपाहणी केली आणि एक घर राहिलं, एवढंच सांगितलं.

मोठे साहेब चष्मा पुसत हसले. "टेबलपाहणी सगळेच करतात हो. कबूल करणारे तुम्ही पहिले. फेरपाहणी करा. जागेवर जा, जे दिसेल ते लिहा. आणि त्या घरात कोण राहतं त्याची अहवालावर सही आणा. येत्या सोमवारपर्यंत. सही नसेल तर पहिला अहवाल कायम."

मंगळवारी तो टेप आणि फेरपाहणीचा नमुना घेऊन गेला. आयुष्यात इतक्या उत्सुकतेने तो कुठल्याही पाहणीला निघाला नव्हता.

ताईचं घर नव्हतं.

पाडलेलं नव्हतं. पाडलेल्या घराचं काहीतरी राहतं: विटा, पाया, नळाचं टोक. इथे खडी होती, आणि खडीवर गाड्यांच्या रांगा. कुंपण पुढे सरकलेलं दिसत नव्हतं, तरी जागा पश्चिमेला पसरली होती. त्याने पावलं मोजली आणि जिथे ताईची चूल असायची तिथे जाऊन उभा राहिला. तिथे एक लहान लाल गाडी होती. चारही चाकं बसलेली, खडीत रुतलेली. काचेवर धुळीचा थर, आणि पुढच्या झाकणाच्या फटीतून गवत वर आलेलं. ती गाडी तिथे कमीत कमी दहा वर्षं उभी असावी.

त्याने ताईला फोन लावला. असा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. पुन्हा लावला. मग पुन्हा.

त्याने टेप काढला आणि पश्चिमेला साठ मीटर मोजलं. साठ मीटरमध्ये काही नव्हतं. घर नाही, पायरी नाही, माणूस नाही. लाल गाडीवर कागद ठेवून त्याने पेन उघडलं. जे दिसेल ते लिहा. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो लिहायच्या आधी जागेवर आला होता, आणि जे दिसत होतं ते लिहिलं तर ताई कायमची पुसली जाणार होती.

राखणदार न वाजणाऱ्या पावलांनी येऊन बाजूला उभा राहिला होता.

"इथे घर होतं," तपासनीस म्हणाला. "एक बाई राहायच्या. पाहिल्यात ना तुम्ही?"

राखणदाराने पश्चिमेकडे पाहिलं. "सर्व बाजूंनी साठ मीटरच्या आत," त्याने सुरुवात केली.

"पुरे," तपासनीस म्हणाला आणि कागद घडी करून खिशात घातला.

घरी बायको कपडे वाळत घालत होती. तो म्हणाला, "ताईचा पत्ता लागत नाही."

"कोणाच्या ताईचा?"

"माझ्या."

बायकोने हातातला कपडा खाली ठेवला. जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला कुठे बहीण आहे? कचेरीत काही झालं का?"

"दर रविवारी मी जेवायला कुठे जातो मग?"

"रविवारी?" ती म्हणाली. "रविवारी तुम्ही घरीच तर असता."

बुधवारी त्याने रजा टाकली. सकाळी नऊला जेवणाच्या टेबलाशी बसला, फेरपाहणीचा नमुना समोर घेतला, आणि खोटं लिहायला सुरुवात केली. राखणदाराचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. एक राखणदार, वय सुमारे साठ, इतकंच लिहिलं तर इतकंच येतं. ताईला तसं येऊ द्यायचं नव्हतं.

त्याने लिहिलं: पश्चिम हद्दीपासून चार मीटरवर निवासी घर एक, खोल्या तीन, पायऱ्या तीन, मधली पायरी कोपऱ्यात फुटलेली. मागच्या खोलीत शिवणयंत्र. घरात राहणारी महिला एक, वय साठ. डावा गुडघा दुखतो. हसताना तोंडावर हात धरते. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत होती, म्हणून अजून शब्द तोडून बोलते. भाजीत मीठ जास्त घालते आणि आधीच कबूल करते. खोटं पटकन ओळखते. कोणी जेवायला यायचं असेल तर दार उघडं ठेवून बसते. शेऱ्याची जागा संपली, त्याने पुरवणी जोडली. लिहिता लिहिता त्याला रडू आलं, ते त्याने आवरलं नाही. दुपारी तीनपर्यंत चार पानं झाली. आठवत गेलं ते सगळं लिहिलं.

मग तो सहीपाशी आला.

फेरपाहणीच्या नमुन्यात सहीच्या वर छापलेली ओळ असते, पहिल्या नमुन्यात ती नसते. फेरपाहणीत लोक आपल्या माणसांचा फायदा करतात म्हणून ती घातलेली. 'अहवाल देणाऱ्याचे शेजारच्या मिळकतीत राहणाऱ्या व्यक्तीशी कोणतेही नाते नाही.'

ती खोडली तर फाइल दुसऱ्या तपासनीसाकडे जाणार. तो एकतर टेबलपाहणी करणार, नाहीतर जाऊन खडी पाहणार. त्याने तासभर त्या ओळीकडे बघत काढला. बायकोने दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा नेला.

मग त्याने सही केली. न कळता केली, असं म्हणायला जागा नाही. काय लिहून देतो आहोत ते त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी पहिल्यांदाच एक फाइल वाचली. "ही बाई भाजीत मीठ जास्त घालते, याचा नगररचनेशी काय संबंध?"

"लागतं ते, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि काय दिसलं कोण जाणे, पुढे विचारलं नाही. "सोमवारी सहीसकट द्या," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी अकराला तो वखारीच्या रस्त्याला वळला. बघायची हिंमत होईना. मान खाली घालूनच चालला, आणि मग त्याला पायरी दिसली. मधली पायरी. कोपऱ्यात फुटलेली.

घर होतं. तीन पायऱ्या, कौलं, खिडकीत पंख्याची सावली फिरताना दिसत होती. दार उघडं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. पायऱ्या चढताना त्याला चक्क हसू येत होतं.

ताई बाहेर आली. केस पांढरे, अंग थोडं उजवीकडे टाकलेलं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

तिने त्याच्या हातातली फाइल पाहिली.

"अच्छा, कार्यालयातून का? या साहेब, बसा. उन्हातून आलात. पाणी देते."

तो बसला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आत शिवणयंत्र दिसत होतं. टेबलावर जेवणाची मांडामांड झाली होती. दोन ताटं.

"तुमची गडबड होईल," तो कसाबसा म्हणाला. "कोणी यायचंय वाटतं."

"भाऊ यायचाय माझा. दर रविवारी येतो जेवायला." तिने तोंडावर हात धरला आणि हसली. "बारक्या म्हणते मी त्याला. बावन्न वर्षांचा घोडा झालाय. आज उशीर केलाय मेल्याने. तुमच्यासारखाच सरकारी माणूस आहे, बघतो बघतो करत बसला असेल कुठेतरी."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. भुवया जवळ आल्या.

"तुम्हाला मी कुठे पाहिलंय का हो?"

एक शब्द. ताई म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग नात्याची ओळ खोटी पडली असती, सही झाली नसती, आणि सोमवारी इथे लाल गाडी.

"नाही," तो म्हणाला. "इथे सही लागेल तुमची."

ती खोटं पटकन ओळखायची. त्याच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलेना. मग तिने चष्मा लावला, शेवटचं पान घेतलं आणि बोट फिरवत वाचलं.

"तुमचं माझं काही नातं नाही, असं लिहिलंय."

"हो."

"मग ते बरोबरच आहे," ताई म्हणाली.

कागद तिच्या हातातून ओढून घेता आला असता. त्याने आपले हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला, लहानपणी ती ओरडली की बसायचा तसा.

तिने सही केली. स्वच्छ अक्षरात, पूर्ण नाव. पेनला टोपण लावून परत दिलं.

पंखा फिरत होता. बाहेर खडीवर कुठलीशी गाडी ओढत आणल्याचा आवाज आला आणि थांबला.

तो उठला. दारापर्यंत गेला. तिथून त्याला राहवेना.

"भाऊ येईल आता तुमचा," तो म्हणाला.

"कोण भाऊ?"

ती खरोखरच गोंधळली होती. मग तिच्या लक्षात आल्यासारखं झालं.

"हां. आईने सांगितलं असेल कोणाला तरी. एक झाला होता मला धाकटा. नऊ दिवसांचा होऊन गेला. मी आठ वर्षांची होते." तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं. फार जुनी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. "तुम्ही निघा साहेब, ऊन वाढतंय. मी जेवून घेते."

टेबलाशी जाऊन ती क्षणभर उभी राहिली. मग दुसरं ताट उचललं. ते कोरडंच होतं, तरी फडक्याने पुसलं, आणि मांडणीवर बाकीच्या ताटांच्या मागे ठेवून दिलं.